अनसूयेची सवत

माझं नाव अनसूया. शाळेत संस्कृतच्या बाईंनी मला वर्गासमोर उभं करून नावाचा अर्थ सांगितला होता, जिच्या मनात असूया नाही ती. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी पुढच्या बाकावरच्या मुलीच्या नव्या रिबिनीकडे बघत होते. नाव आणि मी, आमचं तेव्हापासूनच जमलेलं नाही.

मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या पुढे, आमचं हॉस्पिटल आहे. तिथल्या कॅथलॅबची मी सिस्टर. मांडीतून बारीक नळी शिरेत घालून हृदयापर्यंत नेतात, ती ही खोली. डॉक्टर कारखानीसांबरोबर मी आधी मुंबईत काम केलं, मग ते इकडे आले तशी मीही आले. दोन्हीकडची मिळून सोळा वर्षं. ते टेबलाशी उभे राहायचे, डोळे स्क्रीनवर, आणि उजवा हात नुसता मागे करायचे. तोंडानं काही मागायचे नाहीत. मी त्या हातात नळी द्यायची, आणि ती तीच असायची. सोळा वर्षांत माझ्या नवऱ्याला कधी कळलं नाही मला काय हवंय, पण या माणसाला काय हवंय ते मला त्याच्या खांद्यावरून कळायचं. हे मी घरी बोलून दाखवायची नाही. मनात मात्र रोज असायचं.

एखाद्याची शीर वाकडीतिकडी निघाली की तयार नळी आत वळत नाही. मग मी किटलीत पाणी उकळायची आणि नळीचं टोक वाफेवर धरून बोटांनी वळण द्यायची. किती वेळ धरायचं, किती वाकवायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही. डॉक्टरांनी त्या वळणाला नाव दिलं होतं, अनसूया कर्व्ह. बाहेरच्या डॉक्टरांसमोरसुद्धा म्हणायचे, "सिस्टर, आपला अनसूया कर्व्ह द्या." त्या दिवशी मी घरी जाताना मोगऱ्याचा गजरा घ्यायची.

दोन हजार आठ साली ते मशीन आलं. टेबलाच्या दोन बाजूंना दोन लोहचुंबक, प्रत्येक गोदरेजच्या कपाटाएवढा. नळीच्या टोकाला तांदळाएवढा चुंबक. बाहेर काचेच्या खोलीत डॉक्टरांनी माऊस हलवायचा, आत ती दोन कपाटं डोलायची आणि हृदयातली नळी त्यांच्या ओढीनं वळायची. पेशंटच्या हृदयाचं चित्र आधीच स्कॅन करून ठेवलेलं. ते स्क्रीनवर चढवायचं, पेशंटच्या अंगाशी जुळवायचं आणि त्या नकाशावर बोट ठेवून सांगायचं, इथे जा. हात कुणी मागे करायचाच नाही. हातात कुणी काही द्यायचंच नाही.

माझी किटली त्या खोलीतून बाहेर गेली, कारण तिच्या बुडाला लोखंड होतं. कात्री गेली, माझं घड्याळ गेलं, केसांतल्या पिनासुद्धा गेल्या. एक्स-रेचा टेक्निशियन दत्ताराम म्हणाला, "बाई, सवत आली तुमची. आल्या आल्या भांडी बाहेर काढली." सगळे हसले. मीही हसले, पण ते जिव्हारी लागलं.

मशीनबरोबर मृणालिनी आली. सव्वीस वर्षांची इंजिनिअर, राहायला शांती नगरला, आईवडील गिरगाव सोडून इकडे आलेले. परदेशात जाऊन तीन आठवडे शिकून आली होती. ती आगाऊ असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती बिचारी सारखी मलाच विचारायची, सिस्टर हे कसं, सिस्टर ते कसं. डब्यात अळूवड्या आणल्या की पहिली वडी मला. अळूवड्याही चांगल्या असायच्या, त्याचा वेगळा राग यायचा.

काचेपलीकडे डॉक्टर आणि ती शेजारी शेजारी बसायचे. मी आत पेशंटपाशी, अंगावर शिशाचा एप्रन घालून. काचेतून आवाज येत नाही, नुसते ओठ दिसतात. डॉक्टर काहीतरी बोलायचे आणि ती हसायची. सोळा वर्षांत माझ्याशी ते हसण्यासारखं काही बोलल्याचं मला आठवेना. आमचं बोलण्यावाचून चालायचं, यात मी भूषण मानत आले होते. आता वाटायला लागलं की त्यांना बोलायला आवडत होतं, फक्त माझ्याशी नाही.

एक दिवस ती माझ्याकडे धावत आली. "सिस्टर, एक गंमत दाखवू? तुमचा कर्व्ह मी सिस्टीममध्ये सेव्ह केलाय. सरांनी सांगितलं होतं. आता बटण दाबलं की नळी तस्सं वळण घेते. नावपण तेच ठेवलंय."

स्क्रीनवर इंग्रजीत माझं नाव होतं. तिनं दाबून दाखवलं. नळी वळली, अगदी माझ्यासारखी. तिला वाटत होतं मला आनंद होईल. मी म्हटलं, "छान आहे गं," आणि स्टोअरमध्ये जाऊन उगाचच हातमोज्यांची खोकी मोजत बसले. माझ्या हातातलं होतं नव्हतं ते घेऊन तिनं वर माझं नाव लावलं होतं.

नवघरला आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी बाबाजीदादाची. जमीन गेली, पण त्याचं घर, सहा नारळ आणि विहीर तेवढी बिल्डिंगांच्या मधोमध राहिली. जातीचा आगरी माणूस, वय साठ. आम्ही राहायला आलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं, तर वर्षभर त्याच्या विहिरीवरून पाणी भरलं. एकदाही त्यानं तोंड वाकडं केलं नाही. त्याच्या छातीत अधूनमधून धडधड व्हायची, एकदम मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे ठोके. हृदयात ठोक्याच्या विजेला जायला एक वाट असते, याच्यात एक जादा चोरवाट होती. ती नळीनं जाळून टाकली की माणूस बरा होतो. फक्त चोरवाट खऱ्या वाटेच्या अगदी शेजारी असते, एखाददोन मिलिमीटरवर. खरी जळली तर ठोकेच अडतात.

तो यायला तयार नव्हता. त्याची बायको शेवंतीवहिनी माझ्याकडे रडत आली. मग मीच गेले समजवायला. त्यानं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तू हाय ना आत?"

"मी आहे ना दादा. तुमच्या उशाशीच."

"मंग येतो."

डॉक्टरांनी त्याची केस मशीनवर घ्यायची ठरवली. मी म्हटलं, हातानं करूया का, तो जरा भित्रा आहे. डॉक्टर म्हणाले, "अहो सिस्टर, भित्र्यासाठीच तर हे चांगलं. नळी मऊ, टोचायची भीतीच नाही." बाजूला मृणालिनी मान डोलवत होती. मी पुढे बोलले नाही, पण ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाजूच्या खोलीत किटली भरून ठेवली. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, चहाला. खरं तर मशीन अडावं आणि डॉक्टरांनी मला हाक मारावी म्हणून ठेवली होती. देवाला नवस करावा तसं मी त्या किटलीत पाणी घातलं.

आता एक आमची पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. ऑपरेशनला आणताना अंगावरचं सगळं काढायचं असतं. पण बायका मंगळसूत्र काढत नाहीत, पुरुष ताईत काढत नाहीत, आणि जबरदस्ती केली तर माणूस घाबरून ब्लड प्रेशर वाढवून घेतो. म्हणून आम्ही त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी लावतो, की तो दागिना जागचा हलत नाही आणि त्याचं मनही हलत नाही. ही युक्ती या हॉस्पिटलात मीच आणली. वॉर्डमधल्या सगळ्या पोरींना मीच शिकवली. इतकी वर्षं त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. चुंबक आल्यावर सोन्याचांदीचं तसंही काही बिघडत नाही. लोखंडाचं बिघडतं.

बाबाजीदादाला स्ट्रेचरवरून आणलं. मृणालिनी कागद घेऊन पुढे झाली. मशीनच्या लोकांनी इंग्रजी प्रश्नांचं कुणाकडून तरी मराठी करून दिलं होतं. तिनं एकेक वाचत शेवटचा प्रश्न विचारला, "आपल्या शरीरात अथवा शरीरावर कोणताही धातू आहे काय?"

बाबाजीदादा लालबुंद झाला. आमच्याकडे साध्या माणसाला धातू म्हटलं की लोखंड-पितळ आठवत नाही. रस्त्याच्या भिंतींवर वैद्यांच्या जाहिराती असतात, धातू जाणे, अशक्तपणा, गुप्त सल्ला, ते आठवतं. एक तरणी पोर बायकोसमोर त्याला हे विचारत होती. त्यानं शेवंतीवहिनीकडे पाहिलं, मग छताकडे, आणि पुटपुटला, "न्हाय बाय. आता या वयात कसला."

मृणालिनीनं नाहीवर खूण केली. मला हसू आलं. ते दाबायला मी मान वळवली, आणि त्याच्या डाव्या दंडावर नजर गेली. गाऊनच्या बाहीखाली चिकटपट्टी. सलाईनची पट्टी तिथे नसते. मला तो दंड माहीत होता. विहिरीवर पाणी शेंदताना मी हजारदा पाहिलेला. त्यावर काळ्या दोऱ्यात बोटीचा खिळा बांधलेला असायचा, बोटभर लांब, गंजून काळा झालेला. उत्तनच्या एका कोळी दोस्तानं जुनी बोट मोडली तेव्हा दिलेला. साडेसाती आणि लोकांची नजर, दोन्हीवर चालतो म्हणे. स्कॅन काढताना हात डोक्यावर घ्यायला लावतात, त्यामुळे चित्रात तो कुठे आलाच नव्हता.

एक वाक्य पुरलं असतं. "मृणालिनी, त्यांच्या दंडाला लोखंड आहे." मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात डॉक्टर आत डोकावून म्हणाले, "मृणालिनी आहे म्हणून मी निर्धास्त असतो बघा सिस्टर. तिच्या लिस्टमधून काही सुटत नाही."

मी तोंड मिटलं. म्हटलं, तिची लिस्ट, तिचं काम. मशीन चालू होईल, लोखंड लागलं की कुरकुर करेल, थांबेल. डॉक्टर विचारतील हे कुणी बघितलं नाही? तिचा चेहरा उतरेल. मग हातानं करू. दादाला यातलं काही लागणार नाही. हे सगळं मी तेवढ्यात जुळवलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

त्याला टेबलावर घेतलं, अंगावर हिरवी कापडं घातली. दंड झाकला गेला. नळी आत गेली. नकाशा जुळवून झाला तसे मी सोडून सगळे काचेच्या खोलीत गेले. दोन्ही चुंबक हळूहळू टेबलाकडे वळले आणि जवळ आले.

कापडाखाली त्याचा डावा हात बाहेरच्या बाजूला ओढला गेला. मला दिसलं. त्याला हलू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून बिचाऱ्यानं आवाज केला नाही. खांद्यानं हात आत धरून ठेवायला लागला, आणि त्या धरण्यात सगळं अंग बोटभर उजवीकडे सरकलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, हे असंच असतं, असतं तर अनसूया सांगेल.

मी मशीन थांबायची वाट बघत होते. ते थांबलं नाही. त्याला कुठे ठाऊक, खालचा माणूस सरकला ते. त्याच्या नकाशात बाबाजी होता तिथेच होता.

स्पीकरवरून डॉक्टरांचा आवाज आला. "सिस्टर, आत सगळं ओके?"

सोळा वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. आणि मला वाटत होतं, ती बघेल. तिच्यासमोर एवढे चार स्क्रीन आहेत, तिला दिसू दे. मी का सांगू?

"ओके डॉक्टर," मी म्हटलं.

"जाळतोय. एक, दोन, तीन..."

त्या मोजण्याबरोबर काच, अळूवड्या, किटली, सगळं कुठल्या कुठे गेलं. समोर नुसता दादाचा चेहरा होता. मी ओरडले, "थांबा डॉक्टर, पेशंट हललाय."

त्यांनी लगेच थांबवलं. पण मी चारवर ओरडले होते, आणि पाचाला मॉनिटरवरची रेघ सपाट चालायला लागली. एक ठोका आला. मग नाही. मग खूप वेळानं एक.

चुंबक मागे गेले. डॉक्टर काचेचं दार ढकलून धावत आत आले, हातमोजे चढवले, टेबलाशी उभे राहिले. डोळे स्क्रीनवर. आणि उजवा हात मागे केला.

तोंडानं काही मागितलं नाही. मी बाहेरून ठोके द्यायची वायर उचलली, टोकाला बोटांनी वळण दिलं आणि त्या हातात ठेवली. ती तीच होती. त्यांनी एका दमात ती हृदयात बसवली आणि बाहेरच्या बॅटरीवर ठोके सुरू झाले. ते न वळताच म्हणाले, "शाबास सिस्टर." महिनोन्‌महिने मी याच दोन शब्दांची वाट बघितली होती. ते आले तेव्हा मी मॉनिटरवरचे ठोके मोजत होते.

खरी वाट परत आली नाही. चार दिवसांनी बाबाजीदादाच्या खांद्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. तोही हातानंच. त्याच्या वायरीलाही वळण मीच दिलं.

कापडं काढली तेव्हा खिळा सगळ्यांना दिसला होता, त्यामुळे चौकशी झाली. मला विचारलं, तुम्हाला कधी कळलं? मी सांगितलं, पेशंट हलताना दिसला तेव्हा. मृणालिनीनं एक पानभर लिहून दिलं की प्रश्न पेशंटला समजेल अशा भाषेत विचारायला हवा होता, चूक माझी. मशीन बंद ठेवलं आणि तिला दुरुस्ती विभागात खाली पाठवलं. जाताना ती नवी यादी करून गेली. त्यात धातू हा शब्द नव्हता. लोखंड, खिळा, नाल, कडं, ताईत असं लिहिलं होतं, आणि शेवटी, पेशंटला आत घेण्याआधी अनसूया सिस्टरना एकदा बघू द्यावे. मला म्हणाली, "तुमचं लक्ष होतं म्हणून वाचले ते. मी तर स्क्रीनच बघत बसले होते." तिचे डोळे सुजलेले होते. मी तिला पाणी दिलं. तेवढंच दिलं.

महिन्याभरानं शेवंतीवहिनीनं निरोप धाडला, ये म्हणून. गेले. दादा ओट्यावर बसला होता. मला बघून हसला, सदऱ्याचं बटण काढून खांद्याखालचा तो चपटा उंचवटा दाखवला. शेजारचे दोघे बसले होते त्यांना म्हणाला, "हिनंच वाचवला मना. ही नसती तं गेलो व्हतो." शेवंतीवहिनीनं माझ्यापुढे चहा आणि तांदळाच्या तळलेल्या गोड बोरांची ताटली ठेवली. शेजारी उठून गेले.

मग त्यानं उजव्या खिशातून काळ्या दोऱ्यातला खिळा काढला. "आता मना हे घालाया न्हाय सांगितलंय, यंत्राजवल लोखंड नको. तू ठेव. तुजं नाव झालंय हॉस्पिटलात. लोकांची नजर लागल." आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

इतका हलका होता तो. मी म्हटलं, "दादा, नजर माझीच होती."

तो हसला. त्याला मस्करी वाटली.

"मी पाहिला होता हा खिळा. आत नेण्याआधीच. चिकटपट्टीखाली. मी बोलले नाही."

"कवा?"

"ती पोर तुम्हाला विचारत होती तेव्हा. मला तिचा राग होता. तिचं चुकावं असं वाटत होतं. तुमचा हात ओढला गेला तेव्हाही पाहिलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ओके म्हटलं."

शेवंतीवहिनी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. दादानं हात पुढे केला, माझ्या तळहातावरचा खिळा दोन बोटांनी उचलला आणि मुठीत धरला, उजव्या हातात, छातीपासून लांब, त्याला शिकवलं होतं तसा.

"तू आत व्हतीस ना?" त्यानं विचारलं.

"होते," मी म्हटलं.